टॅलीच्या पीसीवर व्हॉट्सॲप

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले काही टॉवेलचे कारखाने आणि होटगी रोडकडची दोन-चार सीए ऑफिसं यांच्या कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, माझ्याकडे आहे. कुठेही गेले तरी अकाउंट्सच्या पीसीवर एका बाजूला हिशेबाचं टॅली आणि दुसऱ्या बाजूला व्हॉट्सॲप वेब उघडं असतंच. ऑर्डर त्यावर, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो त्यावर, ई-वे बिल त्यावर, मालकांच्या साडूंचं गुड मॉर्निंगही त्यावरच. हे धोक्याचं आहे म्हणून मी तोंड उघडलं की उत्तर तयार असतं, "मॅडम, ते एन्क्रिप्टेड असतंय की! कोण वाचणारे?"

खरं आहे. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) जातात. पण वाचणाऱ्याची मला काळजीच नाही, मला काळजी आत येणाऱ्या फाइलची आहे. मेलमधून कुणी प्रोग्रॅमची फाइल पाठवली तर मेलवाले बहुतेक वेळा वाटेतच अडवतात. व्हॉट्सॲपची फाइल कुलूपबंदच पीसीपर्यंत येते. ऑफिसच्या नेटवर पहारा ठेवायला हौसेने बसवलेल्या फायरवॉलला दिसतं ते एवढंच, की हा पीसी व्हॉट्सॲपशी बोलतोय. आत टॉवेलच्या डिझाइनचा फोटो आहे की व्हायरस, हे तिला कळायला मार्ग नाही. मग राखण करायला उरतात दोघं: मुदत संपलेला अँटिव्हायरस आणि क्लार्कचं बोट.

एका कारखान्यात डिस्पॅचच्या पोराला एका पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या नंबरवरून ‘पेमेंट ॲडव्हाइस’ची (पैसे पाठवल्याच्या कागदाची) झिप, म्हणजे फाइलींचं गाठोडं आलं. नंबर ओळखीचा, डीपी ओळखीचा. पार्टीचं अकाउंटच कुणीतरी ताब्यात घेतलेलं, ते याला कसं कळणार? झिप उघडली तर आत पीडीएफचं लाल चिन्ह आणि नावाच्या शेवटी पीडीएफ. नशिबाने मी शेजारीच प्रिंटरचा रोलर पुसत बसले होते. त्याला म्हटलं, थांब. विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट मुळात लपवून ठेवतं. व्ह्यूमध्ये जाऊन ते दाखवण्याची खूण केली, तर पीडीएफच्या पुढे आणखी एक शेपूट निघालं: डॉट ईएक्सई, म्हणजे कागद नव्हे, प्रोग्रॅम. पोरगं खुर्ची मागे सरकवून म्हणालं, "आयला, हे कुठं होतं ओ?"

याच जातीची चूक खुद्द व्हॉट्सॲपच्या विंडोज ॲपमध्येही होती. आलेली फाइल फोटो म्हणून दिसायची, उघडताना मात्र नावाच्या शेपटीप्रमाणे उघडायची, म्हणजे फोटोवर क्लिक करून प्रोग्रॅम चालू व्हायची सोय. एप्रिल २०२५ मध्ये हे जाहीर झालं, दुरुस्तीही आली. पण आमच्याकडे अपडेटची खिडकी आली की ‘नंतर’ दाबायची पद्धत आहे. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अशीच झिप फिरली. एकाने उघडली की त्याच्या पीसीवर चालू असलेल्या व्हॉट्सॲप वेबमधून ती आपोआप त्याच्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना जायची. आपल्याकडच्या एका दलालाच्या फोनमध्ये किती पार्ट्या असतात, तेवढं आठवा.

आणि पीसी एकटा थोडाच असतो? टॅलीचा डेटा फोल्डर सगळ्या ऑफिसला शेअर, सगळ्यांना पूर्ण परवानगी, बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला कायमची जोडलेली. एक पीसी रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हाती गेला की हिशेबाची खाती आणि बॅकअप एकाच दमात गोठतात.

हे ऐकून एक मालक म्हणाले, "मग बंदच करून टाका." करून पाहिलं. दुपारपर्यंत दोन टेबलांवर मोबाइल केबलने पीसीला जोडलेले दिसले. नेट मोबाइलचं, म्हणजे फायरवॉल पूर्णच बाजूला, आणि तोच पीसी आतून लॅनवरही, म्हणजे ऑफिसच्या बाकी पीसींना जोडलेला! बंदीआधीचं बरं होतं. चॅटिंगच्या जुन्या याहू मेसेंजरच्या काळातही हेच चालायचं, एक पोर्ट (नेटवर जायचं दार) अडवला की ते वेबच्या ८० नंबर पोर्टवरून गुपचूप निघायचं. एवढं करून माणसांना पार्टीशी बोलायचं असतंच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

दुसरं दुखणं नोकरी सोडणाऱ्यांचं. पार्ट्यांशी बोलणं क्लार्कच्या खासगी नंबरवर चालतं. तो समोरच्या कारखान्यात गेला की रेट, सॅम्पलचे फोटो, कोण किती दिवसांनी पैसे देतो, सगळं त्याच्या खिशातून जातं. उलट त्याच्या घरच्या गप्पा इथल्या पीसीवर उघड्या राहतात, कारण लिंक केलेलं डिव्हाइस काढायचं कुणाच्या ध्यानात नसतं. मूळ फोन चालू असेल तर ते पुढेही चालत राहतं. चौदा दिवसांनी आपोआप बंद पडतं ते फोन वापरात नसला तरच.

आता मी कारखान्याच्या नावाचं सिम घ्यायला लावते. व्हॉट्सॲपसाठी एक जुना पीसी वेगळा ठेवते. तो टॅलीच्या लॅनवर नाही, त्यावर ॲडमिनचे (नवे प्रोग्रॅम बसवायचे) अधिकार नाहीत, फाइल आपोआप डाउनलोड होणं बंद. टॅलीकडे काही न्यायचंच असेल तर आधी स्कॅन. बँक खातं बदलल्याचा मेसेज आला, तर पार्टीच्या जुन्या नंबरावर फोन लावून आवाज ऐकायचा, मगच पैसे सोडायचे. कुरकुर होते. "उठून त्या टेबलावर जायचं का प्रत्येक वेळी?" हो, जायचं.

एका ठिकाणी हे सगळं मान्य झालंय, फक्त मालकांचा लॅपटॉप यातून वगळा असा निरोप आलाय. नेट बँकिंग नेमकं त्याच लॅपटॉपवर आहे. सोमवारी जाऊन बोलणार आहे.