कौलांवरचं शेवाळ आत्ताच काढून घ्या
दिवाळी झाली, ऊन पडायला लागलं की खानापूर, जांबोटीकडं घराची कौलं एकदा बघून घ्याच, चार महिने पाऊस खाऊन काळी-हिरवी झालेली असतात. शेवाळ नुसतं दिसायला वाईट नाही हो, ते पाणी धरून ठेवतं, सांध्यात माती अडकते आणि पुढच्या पावसात गळती तिथनंच सुरू होते. लोक सरळ प्रेशर वॉशर लावतात, मला ते अजिबात पटत नाही, जुन्या मंगळुरी कौलाचा वरचा थर निघतो, मग ते जास्तच पाणी पितं आणि शेवाळ परत लवकर धरतं. त्यापेक्षा वाळलेलं शेवाळ ब्रशनं हलकं घासा, मग ब्लीचिंग पावडरची निवळी मारा, थोड्या वेळानं साध्या पाण्यानं धुवा. ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, जिवावर बेततं! आणि ते पाणी विहिरीत जाऊ देऊ नका.

उत्तरेकडच्या भिंतीला ऊन कमी, तिथं बुरशी हमखास, धुऊन पूर्ण वाळली की चुना मारा, चुन्यावर ती सहज धरत नाही. फणसाची फांदी छपरावर आली असेल तर आधी ती छाटा, नाहीतर सावलीत परत तेच. वर एकट्यानं चढू नका, शिडी धरायला खाली कोणतरी पाहिजेच.