एकच गिटार असेल तर लॉकिंग ट्रेमोलो घ्यावा का?

गायक म्हणतो, "काळी दोन", म्हणजे हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी, ई पेक्षा अर्धा स्वर खाली. फिक्स ब्रिजच्या (तारा बॉडीवर जिथे बसतात तो भाग न हलणाऱ्या) गिटारवर सहाही तारा अर्धा स्वर उतरवायच्या आणि ई कॉर्डचा हात तसाच ठेवायचा, झालं काम. फ्लॉइड रोझ, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला लॉकिंग ट्रेमोलो (बार दाबला की सगळ्या तारा उतरतात, ओढला की चढतात, असा हलता ब्रिज), बसवलेल्या गिटारवर मात्र हेच करायला अर्धा तास जातो. आपल्याकडे, नांदेड-लातूर असो की परभणी, कार्यक्रमाला बहुतेकांच्या खांद्यावर एकच गिटार असते. म्हणून आधी हा तोटा.

ब्रिज दोन खिळ्यांवर तरंगतो. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने बॉडीच्या मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा, सहसा तीन. एक तार उतरवली की स्प्रिंगांचा जोर वरचढ होतो, ब्रिज मागे बसतो आणि बाकीच्या पाच तारा चढतात. तार तुटली तरी तेच. उरलेलं गाणं बेसूर. एका तारेला बेंड दिला (बोटाने आडवी ओढली) तर बाकीच्या किंचित उतरतात. नऊचा (पातळ तारांचा) सेट काढून दहाचा (जाड तारांचा) लावला तर मागचं झाकण काढून क्लॉचे, म्हणजे स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे, दोन स्क्रू आवळा, पुन्हा सूर लावा, ब्रिज बॉडीला समांतर आहे का बघा. एका वेळी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.

मग लोक घेतात कशाला? कारण १९७९ साली पेटंट मिळालेली ही रचना आपलं मूळ काम चोख करते. तार नटवर (गळ्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडलवर (ब्रिजवरचा प्रत्येक तारेचा टेकू) अशी दोन ठिकाणी आवळलेली असते. ती नटच्या खाचेत अडकत नाही, खुंटीवर सरकत नाही. बार पार खाली दाबून तारा लोळवा, सोडला की सूर जागेवर. साध्या ट्रेमोलोला हे झेपत नाही. हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्याला दुसरा पर्याय शोधायची गरजच नाही.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात साउंडचेक पाच वाजता उन्हात होतो आणि वाजवायचं रात्री. तापलेली तार उतरते, गार झाली की चढते. नट आवळलेला असल्यामुळे दुरुस्ती फक्त फाइन ट्यूनरवर (ब्रिजवरचे सूर बारीक जुळवायचे स्क्रू), आणि त्याची धाव थोडीच. म्हणून नट आवळण्याआधी सहाही फाइन ट्यूनर मधोमध ठेवायचे. नट आवळताना सूर चढत असेल तर नटमागची आडवी पट्टी थोडी खाली घ्या, म्हणजे तार नटवर सपाट बसेल. ३ मिमीची ॲलन की पट्ट्यालाच बांधून ठेवा. बॅगेत राहिलेली की ऐनवेळी सापडत नाही.

कार्यक्रमवाल्यांसाठी माझ्या मते एकच तोडगा: ब्रिज अर्धा बंद करा. ब्रिज समांतर असताना आतला धातूचा ब्लॉक (ब्रिजखालचा, स्प्रिंगा अडकवलेला ठोकळा) आणि पोकळीची गळ्याकडची भिंत यांतलं अंतर मोजा. सुताराकडून तेवढ्या जाडीचा सागाचा तुकडा कापून घ्या आणि दुहेरी चिकटपट्टीने भिंतीला लावा. मग क्लॉचे स्क्रू थोडे जास्त आवळा, ब्लॉक तुकड्यावर घट्ट टेकला पाहिजे. बार वर ओढता येणार नाही, पण खाली दाबता येईल. तार तुटली तर बाकीच्या जागच्या हलत नाहीत, आणि काळी दोनसाठी नट सैल करून तारा सरळ उतरवता येतात.

तार बसवताना तिच्या टोकाची धातूची गोळी कापावी लागते. ती वाचवायची तर तार उलटी घाला: गोळी खुंटीच्या बाजूला, मोकळं टोक सॅडलमध्ये. खुंटीवर दोन-तीन जादा वेढे ठेवले तर सॅडलपाशी तुटलेली तार पुढे ओढून पुन्हा आवळता येते.

सेकंडहँड गिटार घेताना खिळ्यांना टेकणारी ब्रिजची धार बघा. स्वस्त ब्रिजचा धातू मऊ असतो, धार बोथट होते, मग बार सोडल्यावर सूर दर वेळी वेगळ्या जागी येतो. पूर्ण ताणात खिळ्यांची उंची फिरवली तरीही धार जाते. आधी तारा सैल करा. पावसाळ्यानंतर सॅडलचे स्क्रू गंजलेले, डोकी घासलेली असतील तर किंमत पाडून मागा, कारण सुटा स्क्रू गावात मिळत नाही.