धुण्याच्या पाण्यातून चांदी जाते कुठे?

पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाचीला वॉशिंग मशीन बदलायचंय. तिने दुकानातूनच एका स्टिकरचा फोटो पाठवला. धुताना चांदीचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले चांदीचे विद्युतभारित कण, सोडून कपडे निर्जंतुक करणारं मशीन. खाली लिहिलं होतं, "मामा, बाळाचे कपडे असतात. घेऊ ना?" मी फोनवर लगेच "नको" म्हणालो. का नको, हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मी मूळचा हुपरीचा. आमच्या गावात चांदीचं काम घरोघर चालतं, पैंजणांसाठी हुपरीचं नाव आहे. चांदी कशी जपतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. कानशीखाली पडलेला कीस कागदावर झेलायचा, बसायच्या जागेची धूळ केरसुणीने गोळा करून वेगळी ठेवायची, काम झाल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा टबात साठवायचं. मग झारेकरी ती माती घेऊन जायचा आणि तिच्यातून चांदी काढायचा. पुढे मी कापड शिकलो आणि उमेदीची वर्षं इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये फिनिशिंग खात्यात, म्हणजे विणलेल्या कापडावर शेवटच्या प्रक्रिया होतात तिथे, काढली. चांदी आणि कापड या दोन्हींशी असा घरोबा असल्यामुळे हा विषय माझ्या जिवाजवळचा आहे.

कापडात चांदी दोन वाटांनी येते. पहिली वाट आमच्या खात्यातली. चांदीचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, किंवा चांदीचा क्षार असलेलं द्रावण टाकीत घ्यायचं, त्यात बाइंडर म्हणजे ते कापडाला चिकटवणारा पदार्थ मिसळायचा, पॅडिंग मँगलच्या रुळांमधून कापड बुडवून पिळून काढायचं आणि स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या गरम हवेच्या यंत्रावर, वाळवून पक्कं करायचं. मोजे, बनियन, खेळाचे टी-शर्ट, उशांचे अभ्रे यांच्यावर 'वास येत नाही' असं छापलेलं असतं, तेव्हा पुष्कळदा त्यामागे हीच क्रिया असते. 2020 नंतर अशा फिनिशची मागणी एकदम वाढली. दुसरी वाट मशीनची. त्यात चांदीच्या पट्ट्या असतात, त्यांच्यातून वीज सोडली की धुण्याच्या पाण्यात चांदीचे आयन उतरतात. सॅमसंगचं 'सिल्व्हर नॅनो' मशीन याच तत्त्वावरचं. थंड पाण्यात कपडे निर्जंतुक होतात, म्हणजे पाणी तापवायची वीज वाचते, हा त्याच्या बाजूचा मुद्दा होता. जिथे कपडे उकळत्या पाण्यात धुवायची सवय आहे तिथे तो मुद्दा खरा आहे. आपल्याकडे बहुतेक घरं मुळातच थंड पाण्यात धुतात.

चांदी जंतू मारते यात शंका नाही. तिचा आयन जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट धरतो, मग त्या प्रथिनांचं काम बंद पडतं. पण हा आयन चांगला जिवाणू, वाईट जिवाणू असा भेद करत नाही. पाण्यातली शेवाळं, डॅफ्निया नावाचे बारीक जलचर आणि मासे यांच्यासाठी चांदी अत्यंत विषारी धातूंपैकी एक आहे. माशाच्या कल्ल्यांमध्ये सोडियम आत घेणारी यंत्रणा असते, तिच्यावरच ती घाव घालते. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अल्पकाळाच्या संपर्काची मर्यादा मध्यम कठीण पाण्यात लिटरला 3.2 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता मोज्यांकडे येऊ. 2008 मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी बाजारातले चांदीवाले मोजे आणून साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात हलवले. काही मोज्यांत ग्रॅममागे 1360 मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी निघाली. सगळ्यात जास्त गळणाऱ्या मोज्याने अर्ध्या लिटर पाण्यात 650 मायक्रोग्रॅम सोडली, म्हणजे लिटरला 1300. वरच्या मर्यादेच्या सुमारे चारशे पट. हे पाणी पुढे बाकीच्या सांडपाण्यात मिसळून पातळ होतं हे खरं, आणि सगळे मोजे सारखे नव्हते हेही खरं. काहींनी थोड्याच धुण्यांत जवळजवळ सगळी चांदी सोडली, तर काहींनी अजिबात सोडली नाही. फिनिशिंगमध्ये काम केलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. चांदी धाग्याच्या आत घातली की वरून चोपडली, बाइंडर कोणता, क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने फिनिश पक्कं करणं, नीट झालं का, यावर सगळं ठरतं. स्वीडनच्या रसायन नियंत्रण संस्थेने 2012 मध्ये तिथल्या दुकानांतले कपडे दहा वेळा धुऊन पाहिले, तेव्हा चांदीची गळती 10 टक्क्यांपासून 98 टक्क्यांपर्यंत आढळली. लेबल मात्र सगळ्यांचं सारखंच. गिऱ्हाइकाने काय पाहून निवडायचं?

आणि एक अडचण आहे जी फिनिशमध्ये कितीही सुधारणा केली तरी जात नाही. जंतू मारायचे तर आयन सुटावेच लागतात. चांदी कापडात इतकी पक्की बसवली की काहीच सुटत नाही, तर ती जंतूही मारणार नाही. म्हणजे गळती हेच तिचं काम आहे. मशीनच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, तिथे चांदी थेट पाण्यातच सोडायची असते आणि कपड्यांना चिकटली नाही ती मोरीतून जाते.

मोरीतून कुठे? याचं उत्तर हुपरीतल्या कोणत्याही बाईला माहीत असतं, कारण पैंजण काळे का पडतात तेच हे उत्तर आहे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. सांडपाण्यात गंधक भरपूर. स्वित्झर्लंडमध्ये एका प्रायोगिक शुद्धीकरण प्रकल्पात चांदीचे नॅनोकण सोडून 2011 मध्ये त्याचा माग काढला गेला. बहुतेक चांदी सल्फाइड होऊन गाळाला चिकटली, बाहेर पडणाऱ्या पाण्यात फार थोडी राहिली. सल्फाइड सहज विरघळत नाही, त्यामुळे ते मोकळ्या आयनापेक्षा पुष्कळ कमी विषारी. नॅनो चांदीची बाजू मांडणारे हाच दाखला देतात, आणि दाखला खोटा नाही.

पण गाळ कुठे जातो? खत म्हणून शेतात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या कुंड्यांमध्ये छोटी परिसंस्था उभी करून चांदीचे नॅनोकण मिसळलेला गाळ मातीत घातला. 2013 मध्ये निकाल आला. मातीतल्या सूक्ष्मजीवांचं वस्तुमान 35 टक्क्यांनी घटलं होतं, आणि सुरुवातीच्या दिवसांत नायट्रस ऑक्साइड, जो तापमान वाढवणारा जबर वायू आहे, साडेचार पट सुटला होता. त्या चाचणीत चांदी नॅनोकणांच्या रूपात घातली होती, प्रकल्पातून सल्फाइड होऊन आलेली नव्हती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे शेतावर लावता येत नाहीत. तरीही ज्याला माती कळते त्याने ते दुर्लक्षून चालणार नाही.

आणि आपल्याकडचं सांडपाणी प्रकल्पापर्यंत पोचतं तरी का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालात देशातल्या शहरी सांडपाण्याचा अंदाज रोज 72,368 दशलक्ष लिटर आहे. प्रत्यक्ष शुद्ध होतं 20,236 दशलक्ष लिटर. बाकीचं नाल्यातून नदीत. आमची पंचगंगा यातून सुटलेली नाही. तिच्यात मासे मरतात ते चांदीमुळे नाही, मैला आणि कारखान्यांच्या पाण्यामुळे मरतात, हे स्पष्ट सांगतो. कुजक्या नाल्यातही गंधक असतं, त्यामुळे तिथेही चांदीचं सल्फाइड होतंच. पण मशीनचं पाणी थेट परसातल्या केळीला, शोषखड्ड्यात किंवा गावच्या ओढ्याला सोडणारी घरं लाखांनी आहेत. तिथे वाटेत गाळ नाही, प्रकल्प नाही. युरोपातल्या प्रकल्पाचा निकाल त्या ओढ्याला लावता येत नाही.

चांदीने पाण्यात काय होतं ते जगाने एकदा पाहिलंय, आणि तेव्हा कपड्यांचा संबंध नव्हता. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला पालो अल्टोचं सांडपाणी उतरतं. फोटो धुण्याच्या धंद्यातली चांदीही त्यात असायची. 1970 च्या दशकात तिथल्या चिखलातल्या शिंपल्यांमध्ये चांदी आणि तांबं इतकं साठलं होतं की त्यांची पैदासच धड होत नव्हती. मग धंद्यांना चांदी परत गोळा करायला लावलं, प्रकल्प सुधारला, 1980 च्या दशकात दोन्ही धातू उतरले आणि शिंपल्यांची पैदास पुन्हा सुरू झाली. सॅम्युअल लुओमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं मोजलं. नंतर 2008 मध्ये नॅनो चांदीवरचा मोठा अहवालही लुओमांनीच लिहिला. आपल्याकडेही फोटो धुताना वापरलेला हायपो (रसायनाचं पाणी) आणि जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेऊन चांदी काढणारे लोक होते, आहेत. फोटोवाल्याची चांदी अशी गोळा करता येते, कारण ती एका दुकानात असते. घराघरांतल्या बादल्यांमधून गेलेली चांदी कोणता झारेकरी गोळा करणार?

कॅनडात ओंटारिओमधल्या प्रायोगिक सरोवरांपैकी 222 क्रमांकाच्या सरोवरात 2014 आणि 2015 मध्ये मुद्दाम नॅनो चांदी सोडली गेली. प्रयोगशाळेतल्या बरणीत नव्हे, अख्ख्या सरोवरात, आणि तीही पर्यावरणात आढळू शकेल अशा पातळीला. पिवळ्या पर्च माशांचं खाणं घटलं, संख्याही घटली.

या सगळ्यात मला लक्षणीय वाटतं ते हे की वॉशिंग मशीनविरुद्ध आधी ओरड केली सांडपाणी प्रकल्प चालवणाऱ्या लोकांनी. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेतही. जो गाळ त्यांना वाहायचा होता त्यात कोण काय टाकतंय हे त्यांना कळत होतं. ईपीएने आधी मशीनला साधं उपकरण मानलं होतं. 2006 मध्ये भूमिका बदलली, आणि 21 सप्टेंबर 2007 च्या सूचनेत लिहिलं की जंतू मारण्यासाठी आयन सोडणारं यंत्र कीटकनाशकाच्या कायद्याखाली येईल. मला हा निर्णय पूर्ण पटतो. एखादी वस्तू 'मारते' असं सांगून विकायची, तर मारणाऱ्या वस्तूची तपासणी व्हायलाच हवी.

बाळाच्या कपड्यांचा मुद्दाही न्यायालयात येऊन गेलाय. एका स्विस कंपनीच्या नॅनो चांदीच्या फिनिशला ईपीएने 2011 मध्ये सशर्त परवानगी दिली, तिला एका पर्यावरण संघटनेने आव्हान दिलं. तीन वर्षांचं मूल कापड चघळेल आणि ते त्वचेलाही लागेल, असं धरून हिशेब केला होता. ईपीएचा स्वतःचा नियम असा की सुरक्षेचं अंतर, म्हणजे अपाय न करणारी मात्रा मुलाला मिळणाऱ्या मात्रेच्या किती पट आहे तो आकडा, 1000 किंवा त्याहून कमी आलं तर धोका मानायचा. हिशेब आला बरोबर 1000. तरी परवानगी दिली होती. 2013 मध्ये न्यायालयाने त्या भागापुरती ती रद्द केली. नॅनो चांदीच्या दुसऱ्या एका उत्पादनाची परवानगी 2017 मध्ये न्यायालयात गेली.

मी चांदीच्या विरुद्ध नाही, कसा असेन? सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरवर भाजलेल्या माणसाला पांढरं मलम लावताना मी पाहिलंय. ते सिल्व्हर सल्फाडायझिन, 1968 पासून जळिताच्या वॉर्डात जीव वाचवतंय. पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम सुरू झालं आणि 2009 मध्ये त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला 'स्वच्छ' फिल्टर आला. वीज नको, नळ नको. चांदी तिथे हवीच. आणि तिथे ती चालत राहावी म्हणूनच ती मोज्यात नको. 1975 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांमध्ये चांदीला दाद न देणारा साल्मोनेला सापडला होता. ही प्रतिकारशक्ती देणारी जनुकं 1999 मध्ये उलगडली, ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. पायाचा वास घालवण्यासाठी जळिताच्या वॉर्डातलं औषध खर्चायचं, हा व्यवहार मला मान्य नाही.

पावसाळ्यातल्या कुबट वासाचं म्हणाल तर तो त्रास खरा आहे. दिवसेंदिवस कपडे वाळत नाहीत. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं की हा वास बऱ्याच अंशी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूमुळे येतो, तो ओल्या कपड्यात वाढतो. हा जिवाणू कोरडेपणा आणि उन्हातली अतिनील किरणं बऱ्यापैकी सोसतो, त्यामुळे एकदा बसलेला वास नुसत्या उन्हाने जाईलच असं नाही. मी भाचीला सांगितलं ते असं: पाणी तापवणारं मशीन घे, दुपटी आणि टॉवेल 60 अंशांवर धू, पांढऱ्या कपड्यांना सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर वापर, धुतलेले कपडे मशीनमध्ये पडू देऊ नको, दोरीवर अंतर ठेवून पंख्याखाली वाळव. चांदीचं बटण असलेलं मशीन आधीच घरात असेल तर ते बटण बंद ठेवायचं.

राहिले आमचे फिनिशिंगवाले. चांदीचं फिनिश विकताना आपण एएटीसीसी 100 या, कापडावर जंतू किती मरतात ते मोजणाऱ्या चाचणीचा कागद दाखवतो: इतक्या धुण्यांनंतरही इतके टक्के जंतू मेले. त्याच चाचणीसाठी कापड धुतो आणि ते पाणी सिंकमध्ये ओतून देतो. ते पाणी बाटलीत भरा, त्यातली चांदी मोजून घ्या, आणि दहा धुण्यांत किती टक्के गेली तो आकडा जंतूंच्या आकड्याशेजारी, त्याच अक्षरांत छापा.