चालण्यात पडलेला खंड

आमच्या थोरल्या बंधूंना घरात सगळे अण्णा म्हणतात. बेळगावात शहापूरच्या खडेबाजारातील कापडाच्या दुकानात सकाळी दहापासून रात्री साडेआठपर्यंत त्यांचे गादीवर बसणे असते, आणि ते बसणे भरून काढण्यासाठी अकरा वर्षे रोज पहाटे टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत ते पाऊण तास झपझप चालत असत. गेल्या वर्षी आषाढात पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि ही चाल थांबली. आधी दोन दिवस, मग आठवडा, आणि बघता बघता सहा आठवडे गेले. श्रावणातल्या एका सोमवारी उघडीप मिळाली, तेव्हा गडावरच्या महादेवाच्या दर्शनासाठी आम्ही दोघे येळ्ळूरहून राजहंसगड चढू लागलो. अर्ध्या चढावर अण्णा थांबले. एका हाताने त्यांनी कडेच्या दगडाचा आधार घेतला, दुसरा तळहात छातीच्या मधोमध दाबून धरला आणि म्हणाले, "बाळू, जातं ठेवल्यागत वाटतंय रे." वारा गार होता, तरी त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

देवदर्शनाला आलेल्या एका गृहस्थांच्या मोटारीने तासाभरात आम्ही रुग्णालयात पोहोचलो. हृदयाची बंद पडलेली धमनी उघडून डॉक्टरांनी ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मला विचारले, "अकरा वर्षं चाललो की रे मी, मग मलाच का?" मी तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले आहे, या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्य होते, आणि त्या वेळी ते मला नीट देता आले नाही. ते देण्याचा प्रयत्न येथे करतो.

नियमित हालचालीने हृदय सुरक्षित राहते, हे आता जुने ज्ञान झाले. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळला. याचे कारण बहुतेकांच्या मनात नळाच्या रूपात असते: व्यायामाने चरबी कमी होते, रक्तदाब उतरतो, धमन्या मोकळ्या राहतात. हे खरेच आहे. शिवाय सवयीच्या व्यायामाने विश्रांतीच्या वेळचे ठोके कमी होतात, आणि डाव्या हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळत असल्यामुळे तो विसावा लांबला की स्नायूचे पोषण सुधारते. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट नळाविषयी नसून खुद्द स्नायूविषयी आहे. धमनी बंद पडलीच, तर व्यायामाने घडलेल्या हृदयाचा कमी भाग मरतो.

धमनी बंद झाल्यावर साधारण वीस मिनिटांनी हृदयाच्या पेशी मरू लागतात. हे मरण भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होते आणि पुढच्या काही तासांत बाहेरच्या बाजूला सरकत जाते. म्हणूनच रुग्णालयात लवकर पोहोचण्याला इतके महत्त्व आहे. मात्र रक्त पुन्हा सुरू होण्याचा क्षणही निर्धोक नसतो. भेगाळलेल्या भाताच्या वाफ्यात एकदम पाट फोडला तर बांध खचतो, तसाच काहीसा प्रकार पेशीत होतो. अचानक आलेल्या प्राणवायूपासून घातक मुक्तकण तयार होतात, पेशीत कॅल्शियम साचते, आणि ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांच्या आवरणात छिद्रे उघडून त्या निकामी होतात. जो प्रवाह जीव वाचवतो, त्यानेच काही पेशी दगावतात.

ही इजा कमी करता येते, हे १९८६ साली अमेरिकेतील मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगात दाखवले. हृदयाची एक धमनी आधी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून उघडली आणि मग चाळीस मिनिटे बंद ठेवली, तर मृत स्नायूचे क्षेत्र एरवीच्या सुमारे चौथाईवर आले. लहान ताणाने स्नायू मोठ्या ताणासाठी सावध झाला होता. व्यायाम हीच सावधगिरी धमनी बंद न करता निर्माण करतो, असे पुढे उंदरांवरील अनेक प्रयोगांतून दिसले. काही दिवस फिरत्या पट्ट्यावर धावलेल्या उंदरांच्या हृदयात मुक्तकणांना निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम) वाढतात, विशेषतः मायटोकॉन्ड्रियांमधील, आणि रक्त रोखून पुन्हा सोडल्यावर त्यांच्या हृदयाचे नुकसान कमी होते.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर याच प्रयोगांच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. धावणे थांबवल्यावर हे संरक्षण नऊ दिवसांनंतरही टिकून होते. अठरा दिवसांनंतर ते उरले नव्हते. उंदरांचे दिवस माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत आणि एकट्या अण्णांच्या उदाहरणावरून काही सिद्धही होत नाही. पण अकरा वर्षांची चाल बँकेतल्या ठेवीसारखी साठून राहते, ही आम्हा दोघांची समजूत चुकीची होती, एवढे मला त्यातून स्पष्ट कळले.

त्यात आम्ही आणखी एक चूक केली: सहा आठवड्यांच्या बैठकीनंतर थेट गडाचा चढ घेतला. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की जोरकस श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता, एरवी अजिबात व्यायाम न करणाऱ्यांमध्ये शंभरपटीहून अधिक वाढते, तर आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांमध्ये ती जेमतेम अडीच पट होते. कोणत्याही एका तासात झटका येण्याची मूळ शक्यता फारच थोडी असते, त्यामुळे या आकड्याने कोणी चढ सोडून द्यावा असे नाही. चढाआधी आठवडाभर सपाटीवर चालावे, एवढेच मी सांगेन.

रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी चालणे पुन्हा सुरू करायला सांगितले, तेव्हा वहिनी घाबरल्या होत्या. मी त्यांना विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याची नोंद सांगितली. १७६८ साली श्रमाने उठणाऱ्या छातीतल्या कळेचे सविस्तर वर्णन त्यांनीच मांडले होते. त्यांच्या माहितीतला एक रोगी रोज अर्धा तास लाकूड कापण्याचे काम नेमाने करू लागला आणि जवळजवळ बरा झाला. वहिनींना ती गोष्ट पटली. औषधाच्या गोळ्यांबरोबर चालण्याची वेळही आता त्याच बघतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अण्णांनी पाच मिनिटांपासून सुरुवात केली आणि तीन महिन्यांत ते अर्ध्या तासावर आले. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, हा त्यांच्या वेगाचा माप आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे, हा जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेला आकडा त्यांनी दुकानाच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवला आहे.

यंदा आषाढात पुन्हा तसाच पाऊस लागला. आमच्या जुन्या घराचा सोपा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चौदा पावले आहे. तिथला झोपाळा काढून माळ्यावर ठेवला आहे, आणि पागोळ्या अंगणात पडत असताना अण्णा पहाटे साडेपाचला तिथे येरझाऱ्या घालतात. पहिली पाच मिनिटे हळू, मग वेगात, शेवटची पाच मिनिटे पुन्हा हळू. नंतर ते पायरीवर बसतात, मनगटावर तीन बोटे ठेवतात आणि मी घड्याळ धरतो. परवा नाडी ८८ भरली, पाच मिनिटांनी ७० वर आली. दोन्ही आकडे त्यांनी दुकानाच्या उधारीच्या वहीत, मागच्या पानावर तारखेसह लिहिले.