शेवटच्या गल्लीतला दाब

पावसाळा ऐन भरात होता. मुंबई महानगर प्रदेशातील ज्या शहराच्या पाणीपुरवठा विभागात मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होते, तिथे एकाच सकाळी एकाच गल्लीबद्दल दोन कागद माझ्या टेबलावर आले. पहिला रहिवाशांचा अर्ज होता: नळाला करंगळीएवढी धारही येत नाही. दुसरा आरोग्य विभागाचा होता: गल्लीतील काही मुलांना जुलाब आणि उलट्या होत असून पाण्याचे नमुने तातडीने घ्यावेत. आमच्या कार्यालयात ‘कमी दाब’ आणि ‘दूषित पाणी’ यांच्या नोंदवह्या वेगळ्या असत आणि त्यांवर काम करणारी माणसेही बहुधा वेगळी असत. मी मात्र दोन्ही कागद एकाच फायलीत लावले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी सुटण्याच्या आधी, वस्तीत पोहोचायचे ठरवले.

त्या वस्तीला पाणी देणारी वाहिनी 150 मिलिमीटर व्यासाची, बिडाची आणि जुनी होती. ती टाकली गेली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बैठ्या चाळी होत्या आणि मागे मोकळे मैदान होते. पुढे मैदानात झोपड्या आल्या, झोपड्यांच्या पक्क्या खोल्या झाल्या, खोल्यांवर पोटमाळे आणि पोटमाळ्यांवर आणखी एक मजला चढला. रस्त्यालगतच्या चाळींचा पुनर्विकास होऊन त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. नकाशावर वस्तीची हद्द कुठेही सरकली नव्हती, त्यामुळे विकास आराखडा पाहणाऱ्याला तिथे काही बदलले आहे असे वाटलेच नसते. वाढले होते ते त्याच हद्दीत राहणाऱ्या माणसांचे प्रमाण, आणि ते सगळे त्याच वाहिनीवर येऊन पडले होते.

अशा वाहिनीतून किती पाणी जाऊ शकते, याचा हिशेब कागदावर सोपा आहे. सेकंदाला 1 मीटर हा वेग धरला, तर 150 मिलिमीटरच्या वाहिनीतून सेकंदाला साधारण 17.7 लिटर पाणी वाहते. मलनिःसारण असलेल्या शहरासाठी माणशी दररोज 135 लिटर हे केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेतले प्रमाण आपल्याकडे रूढ आहे. चोवीस तास पुरवठा असेल आणि दिवसातील सर्वाधिक मागणी सरासरीच्या तिप्पट धरली, तर या वाहिनीवर सुमारे 3,770 माणसांची गरज भागते. तीच वाहिनी दिवसातून फक्त दोन तास चालवली, तर त्या वेळात तिच्यातून सुमारे सव्वा लाख लिटर पाणी जाते, म्हणजे जेमतेम 940 माणसांपुरते. दिवसभराची गरज दोन तासांत उपसायची म्हटले की सर्वाधिक मागणी सरासरीच्या तिप्पट न राहता बारापट होते. दाट वस्तीचे दुखणे इथे सुरू होते, कारण तिथे हजारो माणसांचे नळ एकाच क्षणी उघडतात आणि कोणीही उरलेल्यांसाठी थांबू शकत नाही.

पहाटे आमचे चावीवाले काका माझ्या आधीच चौकात उभे होते. झडपेचे आटे मोजून किती सोडले म्हणजे कुठल्या आळीत पाणी चढते, हे ज्ञान त्या काळी आमच्या कोणत्याही नकाशावर नव्हते; ते त्यांच्या हातात होते. मी तीन ठिकाणी दाबमापक लावले होते: वाहिनी वस्तीत शिरते तिथे, मधल्या चौकात आणि शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी. काकांनी झडप उघडली. पहिली काही मिनिटे नळांतून नुसती हवा फुसफुसत राहिली, कारण रात्रभर रिकामी राहिलेली वाहिनी आधी भरावी लागते. मग पहिल्या मापकाचा काटा वर चढून स्थिरावला. तिथला दाब चांगला होता, बारा मीटरच्या पुढे, म्हणजे दोन मजली घराच्या नळापर्यंत पाणी चढेल इतका.

मधल्या चौकातील काटा मात्र निम्म्यावर थांबला आणि मग हळूहळू खाली येऊ लागला. कारण शोधायला मी रस्त्यालगतच्या एका उंच इमारतीत गेले. पहारेकऱ्याने भूमिगत टाकीचे झाकण उघडून दाखवले. आत पाणी मोठ्या नळातून धो धो पडत होते. त्या इमारतीची जोडणी पूर्णपणे अधिकृत होती, मीटर चालू होते, वाहिनीवर पंप लावलेला नव्हता. नियमात बोट ठेवायला जागाच नव्हती. पण जाळ्याच्या दृष्टीने जमिनीखालची टाकी म्हणजे शून्य दाबाचे उघडे तोंड असते. चाळीतल्या नळाला पहिल्या मजल्यावर चढण्यासाठी दाब लागतो. या टाकीला काहीच लागत नाही. पाणी उताराला येते तसे तिच्यात येते, आणि टाकी भरून तरंगगोळा झडप बंद करीपर्यंत येतच राहते. वीस मजल्यांवर पाणी चढवण्याचे काम इमारतीचे पंप नंतर सावकाश करतात. उंच इमारतीत पाणी चढत नसेल अशी काळजी लोकांना वाटते. प्रत्यक्षात तिची झळ मागच्या बैठ्या घरांना बसते. रस्त्यालगत अशा अनेक टाक्या एकाच वेळी भरत होत्या आणि पुरवठ्याचा पहिला, सर्वांत मोलाचा तास त्यांतच जात होता.

मी शेवटच्या गल्लीत पोहोचले तेव्हा तिथला काटा शून्यावर थरथरत होता आणि मधूनच शून्याखाली जात होता. गल्ली इतकी अरुंद होती की समोरून माणूस आला तर भिंतीला टेकून वाट द्यावी लागे. घराघरांतून छोट्या मोटरींची घरघर ऐकू येत होती. एका दारात उभ्या असलेल्या बाईंनी मला थांबवले. त्या म्हणाल्या, “मॅडम, मोटर लावली नाही तर एक कळशीसुद्धा भरत नाही. आणि लावली तर पहिलं पाणी गटारासारखं येतं. ते आम्ही सांडून देतो, पण सांडायचं तरी किती?” त्यांच्या या तीन वाक्यांत माझ्या दोन्ही कागदांचे उत्तर होते.

गल्लीच्या कडेने गटार वाहत होते आणि त्या गटारातून, पाण्यात बुडालेली, अर्ध्या इंची नळ्यांची एक जाड मोळी गेली होती. गल्ली अरुंद असल्याने आत मुख्य वाहिनी कधी टाकलीच गेली नव्हती. ज्याने त्याने आपली नळजोडणी बाहेरच्या वाहिनीवरून घेऊन स्वतःची लोखंडी नळी घरापर्यंत ओढली होती. वस्ती जितकी दाट, तितकी ती मोळी जाड. आणि प्रत्येक नळीला दर काही फुटांवर एक सांधा, त्यातले कित्येक गंजलेले. एरवी उघडे असणारे हे सांधे पावसाळ्यात गटाराच्या पाण्याखाली जातात. वाहिनीत दाब असेल तर सांध्यातून पाणी बाहेर झिरपते, वाया जाते, पण आत काही शिरत नाही. पुरवठा बंद झाल्यावर, किंवा मोटरींनी वाहिनी ओढून तिच्यात पोकळी निर्माण केल्यावर, हाच प्रवाह उलटतो.

माझ्याजवळ क्लोरीन तपासण्याचे साधन होते. वस्तीला पाणी सोडणाऱ्या आमच्या मुख्य टाकीच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकताच स्पष्ट पिवळा रंग आला. मधल्या चौकात तो फिकट झाला. शेवटच्या गल्लीतल्या पहिल्या पाण्यात रंग आलाच नाही. नळापाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे असे भारतीय मानक सांगते. इथे काहीच उरले नव्हते, कारण आत शिरलेल्या घाणीवरच ते खर्ची पडले होते. अर्ध्या तासाने त्याच नळाचे पाणी पुन्हा तपासले तेव्हा हलका पिवळा रंग दिसला. आमचे नेहमीचे नमुने पुरवठा स्थिर झाल्यावर, सोयीच्या वेळी घेतले जात आणि ते पिण्यायोग्य ठरत. त्या अहवालात खोटे काही नव्हते, मात्र मुलांच्या पोटात जाणारे पाणी त्या नमुन्यांत नव्हते. मी जिवाणू तपासणीसाठी पहिल्या धारेचा आणि अर्ध्या तासानंतरचा असे दोन वेगळे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. पुढे आलेल्या अहवालानेही हाच फरक दाखवला.

त्याच सकाळी आम्ही त्या गल्लीचा पुरवठा तोडला. टँकर मागवला, पण तो गल्लीत शिरू शकत नव्हता, म्हणून मुख्य रस्त्यावर उभा करावा लागला आणि बायका व शाळकरी मुले हंडे घेऊन रांगेत उभी राहिली. आरोग्य सेविकांनी घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या आणि पाणी उकळून प्यायला सांगितले. आमच्या मजुरांनी गटारातल्या नळ्या हातानेच उचलून भिंतीवर बांधायला सुरुवात केली. खोदयंत्र तिथे आणणे शक्यच नव्हते. दाट वस्तीत दुरुस्तीचा वेग माणसाच्या हाताइतकाच असतो, आणि दुरुस्ती लांबली की तेवढे दिवस दूषित पाणी घरात येत राहते. अंदाजपत्रक करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे असे मला आजही वाटते.

दुपारी वरिष्ठांसमोर बैठक झाली. एक सूचना होती की मोटरी जप्त कराव्यात. दुसरी, मुख्य टाकीत जास्त पाणी घ्यावे. तिसरी, मोठा पंप बसवून वाहिनीतला दाब वाढवावा. मी मुख्य टाकीच्या तोंडाशी मोजलेले पाणी आणि त्या झोनमधील, म्हणजे त्या टाकीवर अवलंबून असलेल्या भागातील, माणसांची संख्या साहेबांसमोर मांडली. माणशी 135 लिटरांपेक्षा ते कमी नव्हते. टाकीत पाणी होते. शेवटच्या गल्लीपर्यंत दाब पोहोचत नव्हता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाहिनीतून वाहणारे पाणी दुप्पट झाले की घर्षणात जाणारा दाब दुप्पट होत नाही, साधारण साडेतीनपटीहून थोडा अधिक होतो. जुन्या बिडाच्या 150 मिलिमीटर वाहिनीत सेकंदाला 1 मीटर वेगाने दर किलोमीटरला सुमारे 12 मीटर दाब खर्च होतो. वेग दुप्पट केला तर सुमारे 44 मीटर. पाणी वाटेतच काढून घेतले जाते, म्हणून प्रत्यक्षातला खर्च याहून कमी असतो, पण वाढीचे प्रमाण तेच राहते. त्यामुळे त्याच वाहिनीत अधिक पाणी ढकलले असते तर ते रस्त्यालगतच्या टाक्यांत पडले असते आणि फुटक्या सांध्यांतून बाहेर गेले असते. मोटरी जप्त करण्यालाही मी विरोध केला. मोटरींनी घाण आत ओढली जाते हे खरे होते, पण दाब नसलेल्या गल्लीतून मोटर काढणे म्हणजे त्या घरांचे पाणीच काढणे होते.

माझा प्रस्ताव वेळ आणि वाट बदलण्याचा होता. उंच इमारतींकडे साठवण आहे, त्यांना सकाळच्या त्याच दोन तासांची गरज नाही. त्यांच्या जोडणीवर प्रवाह नियंत्रित करणारी झडप बसवून त्यांच्या टाक्या रात्री सावकाश भराव्यात. वस्तीच्या मागच्या रस्त्यावरून दुसरी वाहिनी आणून शेवटच्या गल्लीला जोडावी, म्हणजे टोक हे टोक राहणार नाही आणि पाणी दोन्हीकडून येईल. गल्लीत नळ्यांच्या मोळीऐवजी भिंतीच्या कडेने, गटारापासून वर, प्लॅस्टिकची एकच वाहिनी टाकून प्रत्येक घराला तिच्यावरून तोकडी जोडणी द्यावी. आणि पुरवठ्याचे तास शक्य तितके वाढवावेत.

शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक शंका निघाली: तास वाढवले तर पाणी जास्त लागणार नाही का? तेव्हा मी हुबळी-धारवाडचा दाखला दिला. तिथे काही प्रभागांत चोवीस तास पुरवठा सुरू झाल्यावर संशोधकांनी त्या प्रभागांची तुलना खंडित पुरवठ्याच्या प्रभागांशी केली होती आणि खंडित पुरवठ्यातल्या नळांवर दूषित नमुन्यांचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले होते. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि वापराबरोबर चढत जाणारे दर यांच्या आधारे चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. पाणी कधीही येईल याची खात्री असली की माणूस साठवण करत नाही आणि शिळे म्हणून ओतूनही देत नाही.

या प्रकरणाने माझी एक समजूत पक्की केली. दाट वस्ती ही पाणीपुरवठ्यावरची आपत्ती आहे असे सर्रास बोलले जाते, पण जाळ्याच्या हिशेबात ती सर्वांत स्वस्त पडते: माणशी लागणारी वाहिनीची लांबी तिथे सर्वांत कमी असते. शहराच्या कडेला विरळ बंगल्यांच्या भागात मी नंतर काम केले. तिथे मोजक्या घरांसाठी किलोमीटरभर वाहिनी टाकावी लागते, पाणी तिच्यात तासन्‌तास पडून राहते आणि क्लोरीन वाटेतच संपतो. माणसे वाढत असताना वाहिनी, तिची वाट आणि पुरवठ्याची वेळ जुन्या मोजमापावर सोडून दिली, म्हणून त्या गल्लीतली मुले आजारी पडली. गल्लीतल्या लोकांनी एकमेकांजवळ राहण्यात काही गैर केले नव्हते.

प्रस्तावापैकी गल्लीतली नवी वाहिनी आधी झाली, मागच्या रस्त्याची जोडणी त्यानंतर. इमारतींच्या झडपांना मात्र विरोध झाला. पाणी रात्री घ्यायचे म्हणजे आपला हक्क कमी होतो, असे सोसायट्यांना वाटले. काहींनी अखेर मान्य केले, काहींनी नाही. शेवटच्या गल्लीत आता पुरवठ्याच्या वेळी तीन-चार मीटर दाब मिळतो. बैठ्या घरासाठीही केंद्राच्या 1999 च्या नियमपुस्तिकेने सात मीटरची अपेक्षा धरली होती, त्यामुळे काही मोटरी अजून चालतात. पहिल्या धारेच्या नमुन्यात क्लोरीन सापडतो, आणि नमुना पहिल्या धारेचाच घ्यायचा ही पद्धत त्या झोनमध्ये कायम झाली आहे.

सध्या त्याच रस्त्यावरच्या आणखी एका चाळीच्या पुनर्विकासासाठी पाणी विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागणारी फाइल माझ्याकडे आहे. मुख्य टाकीत पाणी पुरेसे आहे, एवढ्यावर ती मंजूर होऊ शकते. मी तिच्यावर दोन अटी लिहिल्या आहेत: भूमिगत टाकी रात्रीच्या वेळेत, नियंत्रित झडपेतूनच भरली जाईल, आणि बांधकाम सुरू होण्यापूर्वी शेवटच्या गल्लीतला दाब मोजून तो प्रस्तावाला जोडला जाईल. फाइल पुढे गेली आहे, निर्णय अजून व्हायचा आहे.