'आई' म्हणायला तीन आठवडे

एकांकिकेत माझं पहिलंच वाक्य होतं, 'आई, ऐक ना!' आठवडाभराच्या तालमीत घसा बसला. ज्येष्ठमध, लवंग, हळद-दूध सगळं झालं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. गाठ नव्हती, नुसती सूज. त्यांनी स्पीच थेरपिस्टकडे धाडलं. तिथे कळलं की गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना शिवतही नाही. इतक्या ज्येष्ठमधाचे पैसे आता मागायचे कुणाकडे?

खरी खोड वेगळीच होती. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी मी स्वरतंतू घट्ट मिटायचो आणि हवेच्या धक्क्याने उघडायचो. कान देऊन ऐकलं तर बारीक 'टक्' येतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, लगेच सापडेल.

उपाय दिसायला सोपा. 'आई' ऐवजी 'हाई' म्हणायचं. 'ह'मुळे हवा आधी सुटते, तंतू मागून अलगद जवळ येतात. मग 'ह' हळूहळू पुसायचा. इथेच मी अडकलो. 'ह' गेला की 'टक्' हजर! मॅडम म्हणायच्या, "ह मनात म्हणा." मनातला ह घशाला कळणार कसा? मी चिडायचो आणि चिडलो की घसा आणखी आवळायचा. घरात बायको विचारायची, "सकाळी सकाळी कुणाच्या नावाने हाय हाय चाललंय?"

तिसऱ्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली. चार मजले चढून धापा टाकत मी दाराशी म्हणालो, "अगं, उघड!" दोन्ही शब्द स्वराचे, आणि एकही टक् नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. एरवी मी श्वास घेऊन क्षणभर रोखून धरत होतो, आणि रोखायचा म्हणजे तंतू मिटायचेच. धापा टाकताना रोखायला सवडच नव्हती. श्वास आत आला की न थांबता त्याच्यावरच शब्द सोडायचा, एवढंच. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

रागाच्या वाक्यांत मात्र खोड परतते. तिथे शब्द जोडून घ्या, 'मग आलास कशाला' हे 'मगालास कशाला' असं. आणि हो, राहिलंच, खाकरू नका. त्यात तंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी प्या.

प्रयोगात 'आई' इतकं सुरेख लागलं की ते ऐकण्याच्या नादात 'ऐक ना' म्हणायचंच राहिलं.