तुम्ही विचारलेत म्हणून: जेजुरीचे मूळ देऊळ कोणते?

नात्यात कुणाचे लग्न झाले की जोडप्याला जेजुरीला न्यायचे ठरते, आणि कुणीतरी मला हमखास विचारते की खंडोबाचे मूळ ठाणे गडावरचे की कडेपठारचे. विचारणाऱ्याला बहुधा एक चढ टाळता येईल का, एवढेच जाणून घ्यायचे असते, तरीही सांगतो.

जुने ठाणे कडेपठारचेच. डोंगरावरच्या त्या उंच स्थानाला जुना गड असेही म्हणतात, आणि म्हातारपणामुळे तिथवर चढणे अशक्य झालेल्या एका भक्तासाठी देव खालच्या टेकडीवर उतरला, अशी आज सर्वत्र गड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळाची कथा आहे.

कथा नको, साल सांगा, असे म्हणणाऱ्यांसाठी गडावर सालेही आहेत. राघव मंबाजी या मराठा सरदाराने १६३७ मध्ये सभामंडपाचे काम केले. पुढे अठराव्या शतकात होळकरांनी, ज्यांच्या कर्त्या पुरुषाचे मल्हारराव हे नावच या देवाचे होते, दगडी खांब, ओवऱ्या आणि तटबंदी उभी करून देवळाला आजचे किल्ल्यासारखे रूप दिले आणि पायथ्याशी तलाव बांधला. मात्र ही साले बांधकामाची आहेत. त्यांवरून ठाण्याचे वय काढणे म्हणजे ओसरी बांधली त्या वर्षी घर बांधले, असे धरून चालण्यासारखे आहे.

मला दगडापेक्षा दसऱ्याची रात्र अधिक बोलकी वाटते. त्या रात्री गडावरून एक पालखी निघते, कडेपठारावरून दुसरी, आणि मधल्या रमण्यात, म्हणजे दोन्ही डोंगरांमधल्या दरीतल्या जागी, दोघींची भेट होते. मशालींच्या उजेडात उधळलेला भंडारा क्षणभर हवेतच तरंगत राहतो आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. देवाने जुनी जागा सोडली असती, तर वरून पालखी येण्याचे कारणच उरले नसते.

म्हणून जोडप्याला मी दोन्हीकडे जायला सांगतो. तळी, म्हणजे ताटात भंडारा-खोबरे घेऊन देवाच्या गजरात ते उचलण्याचा विधी, गडावर, सदरेपुढच्या पितळी कासवाजवळ भरावी. कडेपठार दुसऱ्या दिवशी, उन्हे चढण्याआधी गाठावे. नवरीला उचलून पाच पायऱ्या चढण्याची प्रथा गडाच्या पायऱ्यांवर पाळतात. कडेपठारच्या वाटेवर ज्याने त्याने आपल्या पायांनी चढावे.